फडक्यातली सरकी

आमच्या अंगणवाडीला एकदा विज्ञानाची पेटी मिळाली होती. तिच्यात एक लोहचुंबक, एक भिंग, एक छोटा तराजू आणि एक चोपडी होती. भिंग पहिल्याच आठवड्यात फुटलं. लोहचुंबक एका पोराने चड्डीच्या खिशात घालून घरी नेलं आणि चार दिवसांनी त्याच्या आजोबांनी ते ओशाळत परत आणून दिलं. तराजू तेवढा टिकला, कारण तो मी कपाटावर चढवून ठेवला होता. पाहुणे आले की खाली काढायचा, गेले की परत वर.

त्या पेटीसोबत संग्रामपूरला तीन दिवसांचं प्रशिक्षणही होतं. शहरातून आलेले एक सर आम्हा सेविकांना सांगायचे की तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाचून विज्ञान कळत नाही, हात घालून कळतं. त्याला ओतू द्या, चिवडू द्या, वास घेऊ द्या. त्याने विचारलं तर उत्तर देऊ नका, 'तुला काय दिसलं ते सांग' म्हणा. आम्ही मागच्या रांगेत बसून हसत होतो. तीस लेकरं, एक खोली, खिचडीचं पातेलं, वजनाचं रजिस्टर, पोलिओची यादी, आणि त्यात हे म्हणतात मुलाला चिवडू द्या. ते तर न सांगताही चिवडतात.

पण घरी आल्यावर माझ्या डोक्यातून ते जाईना. मी करून पाहिलं. पाण्याच्या घमेल्यात पान, खडा, बांगडीचा तुकडा, बाभळीची शेंग टाकून काय बुडतं, काय तरंगतं ते बघितलं. लेकरं अशी गुंगली की एकही आईच्या नावाने रडलं नाही. आमची मदतनीस मोहल्ल्यातली, माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. ओली झालेली फरशी पुसता पुसता ती कुरकुरायची, पण दुसऱ्या दिवशी घमेलं भरून तीच ठेवायची. मला त्या दिवसांत स्वतःचा फार अभिमान वाटायचा, हे कबूल करते.

बी उगवण्याचा खेळ मी मृगाच्या आधी घ्यायची. प्रत्येकाने घरून मूठभर बी आणायचं. ते ओल्या फडक्यात गुंडाळून कापलेल्या प्लास्टिकच्या बाटलीत ठेवायचं, बाटलीवर ज्याचं त्याचं चित्र चिकटवायचं, आणि रोज सकाळी फडकं उघडून बघायचं. सगळ्यांना सारखं पाणी, सारखी सावली. हे मी लेकरांकडून रोज म्हणून घ्यायची. आमचं पाणी खारं, त्यामुळे आधी मलाच धास्ती होती, पण मूग दुसऱ्याच दिवशी फुटला आणि माझी काळजी मिटली.

त्या वर्षी एक साडेचार वर्षांची पोरगी होती. दोन शेंड्या, नाकाला कायम शेंबूड, आणि बोलण्यात कुणाला हार न जाणारी. एक दिवस ती आली तीच हात वर धरून. तिच्या घरी रीत होती की पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीची लागवड सुरू करताना पहिली मूठ घरातल्या लहान पोरीच्या हाताने टाकायची. आधी तिची आत्या टाकायची, मग थोरली चुलत बहीण, आणि यंदा मान हिचा. आजीने तिला नवा फ्रॉक घातला होता, हाताला हळद लावली होती, आणि तिने बापाने पाडलेल्या पहिल्या पाच भोकांत आपल्या हाताने सरकी टाकली होती. धुळीतच टोबून टाकलं होतं सगळं, पाऊस यायचा होता. आमच्याकडे पुष्कळ जण असं करतात. पाऊस आला की बी आधीच जमिनीत तयार असावं, म्हणजे आठ-दहा दिवस पुढे निघता येतं. पाऊस लांबला तर मात्र कठीण.

ती दोन दिवस हात धुवायला तयार नव्हती. हळद उतरून गेली तरी सगळ्यांना तळवा दाखवत फिरायची. आजी म्हणते माझ्या हाताला गुण आहे, असं तिने मला किमान दहा वेळा सांगितलं.

त्यानंतर आमचा बियांचा दिवस आला. लेकरांनी मूग, हरभरा, ज्वारी, तूर आणली. एकाने शेंगदाणे आणले आणि फडक्यात जायच्या आतच निम्मे खाल्ले. हिने मूठ उघडली तर त्यात सहा सरक्या होत्या, गुलाबी. बियाण्याच्या पिशवीच्या तळाशी राहिलेल्या. ते बीटीचं बी विषारी औषध लावून येतं, त्याचा तो रंग. मी घाबरून ते कागदावर ओतून घेतलं, तिला मोरीवर नेऊन तीनदा साबण लावला, आणि सरकी कागदानेच फडक्यात सरकवून वर गाठ मारली. तुझ्या बियांना कुणी हात लावायचा नाही, तूही नाही, फक्त बघायचं, असं बजावलं. ती रुसली. बाकीच्यांनी आपलं बी आपल्या हाताने घातलं आणि तिचं बाईंनी घातलं, हे तिला पटलं नाही.

मूग दुसऱ्या दिवशी फुटला. हरभरा, ज्वारी तिसऱ्या दिवशी. शेंगदाण्यालाही मोड आला. कपाशीला वेळ लागतो, असं मी तिला सांगत राहिले, आणि ते खरंही होतं. माझ्याकडे तेव्हा आणखी एक बाटली होती. बीटीच्या पिशवीसोबत साध्या कपाशीचं एक छोटं पाकीट मिळायचं. ते शेताच्या कडेने लावायचं असतं, अळीला खायला म्हणून. आमच्या गावात ते कुणी लावत नसे, पाकीट धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, नाहीतर उकिरड्यावर जायचं. एक पाकीट कुणीतरी मला आणून दिलं होतं, त्यातल्या चार बिया मी नमुन्याला भिजवल्या होत्या. पाण्यात सगळ्यांचाच रंग उतरतो, मग सरकी सरकीसारखीच दिसते. पाचव्या दिवशी माझ्या बाटलीतल्या चारपैकी तीन फुटल्या. तिच्या सहापैकी एकही नाही. दोन फुगून चिकट झाल्या होत्या, दाबल्यावर आतून घाण पाणी आलं.

तेच फडकं, तेच पाणी, तीच सावली. मला तेव्हाच कळायला हवं होतं की ही गोष्ट त्या बाटलीपुरती नाही. खरं सांगायचं तर कळलं होतं. पण मी माझ्याशीच वाद घातला. सहा बियांवरून काय ठरतं? तळाच्या बिया होत्या, पिशवीतला सगळा कचरा तळाशीच बसतो. मी काय बियाण्याची अधिकारी आहे?

सहाव्या दिवशी सकाळी ती सगळ्यांच्या आधी आली आणि बाटलीपुढे उकिडवी बसली. मी फडकं उघडलं. तिने बराच वेळ बघितलं. मग इतक्या हळू बोलली की मला वाकावं लागलं.

"बाई, म्या मुठीत धरून आनलं मनून नाही उगवलं काय?"

मी म्हटलं, तसं नसतं बेटा. तर म्हणाली, मग तुम्ही माझा हात साबणाने धुतला, त्याने गुण गेला असेल. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. रडली असती तर मी तिला जवळ घेतलं असतं आणि गोष्ट तिथेच संपली असती. ती मात्र आपला तळवा उलटा-सुलटा करून बघत होती. मला ते बघवेना. मी म्हटलं, उद्या बघू, उद्या नक्की येतील.

दुपारी लेकरं गेल्यावर मी तिच्या फडक्यातल्या सहाही बिया काढून कुंपणाबाहेर फेकल्या आणि माझ्या बाटलीतल्या तीन फुटलेल्या तिच्या फडक्यात ठेवल्या. मदतनीस पातेलं घासत होती. तिने बघितलं आणि हात थांबवला.

"बाई, लेकराले जे दिसलं थे दिसू द्याचं, असं तुमीच सांगता न?"

मी तिला म्हटलं, लेकराचं मन मोडतं, जाऊ द्या. ती पुन्हा पातेलं घासायला लागली. तिने तो विषय परत कधी काढला नाही.

दुसऱ्या दिवशी जे झालं ते मला अजून डोळ्यांपुढे दिसतं. तिने फडकं उघडलं, आणि पांढऱ्या शेपट्या आलेली ती तीन बियांची पिल्लं बघून ती उड्या मारत खोलीभर धावली. मी तिला बाटली हातात देऊन फोटो काढला. तो फोटो अहवालात गेला, पर्यवेक्षिका बाईंनी खाली 'सर्व मुलांचे बी उगवले, छान' असा शेरा मारला. मला त्या शेऱ्याचाही आनंद झाला, ते पान मी भिंतीवर लावलं. ती संध्याकाळी घरी जाऊन सांगणार हे मला माहीत होतं. ते ऐकून कुणी काही ठरवेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

आठवड्याने पाऊस झाला. त्यानंतर पाच-सहा दिवसांत गावातल्या शेतांत कोंबांच्या हिरव्या रेघा दिसू लागल्या. तिच्या बापाचं चार एकर माझ्या येण्याजाण्याच्या वाटेवर होतं. तिथे इथे एक रोप, तिथे एक रोप, मधे सगळी काळी जमीन. मी रोज तिथून जाताना मान खाली घालून जायची. मदतनीस सांगत होती की आजूबाजूचे लोक त्याला म्हणतात, बी बोगस निघालं, हे मोडून दुसरं लाव, अजून वेळ आहे. संग्रामपूरच्या दुकानात अजून पिशव्या होत्या. तो दुसऱ्या दिवशी जाणार होता.

जायच्या आधी तो अंगणवाडीत आला. उंच, सावळा माणूस. कधी पोरीला सोडायला आला तर दाराबाहेरूनच वळायचा, त्या दिवशी चपला काढून आत आला. पोरीने त्याला बोटाला धरून खिडकीपाशी नेलं. तिच्या बाटलीतल्या रोपांना मी आता माती घातली होती आणि प्रत्येकाला दोन दोन जाड पानं आली होती. तो वाकून बघत राहिला. त्याने एका पानाला बोट लावलं.

"हे आपल्याच पिशवीतलं हाय न, माय?" त्याने पोरीला विचारलं.

"हाव. म्या आनलं. बाईनं टाकलं."

तो माझ्याकडे वळला. त्याच्या चेहऱ्यावर असा सुटका झाल्यासारखा भाव होता की मला तो आजही नकोसा वाटतो.

"बी तं जिवंत हाय, ताई. लोकं उगीच भेव घालून राह्यले. पावसानं वरची माती घट्ट झाली असंन. थांबतो आठ दिवस."

एवढंच वाक्य होतं माझ्यापुढे, 'भाऊ, हे तुमचं बी नाही.' चार शब्द, पाच शब्द. पोरगी त्याच्या पायाला टेकून वर माझ्याकडे बघत होती. बाकीची लेकरं बघत होती. भिंतीवर तो शेरा मारलेला फोटो होता. मी म्हटलं, हो, बघा. 'हो, बघा' म्हटलं मी. लेकरं गेल्यावर त्याच्या घरी जाऊन सांगायचं, असं ठरवलं. गेले. तो शेतात होता. घरी आजी होती, तिने चहा केला आणि नातीच्या बाटलीचं कौतुक सांगत बसली. मी चहा पिऊन परत आले. दुसऱ्या दिवशी पोलिओचं काम होतं. तिसऱ्या दिवशी मी स्वतःला म्हटलं, कोण जाणे, उगवेलही.

आठ दिवस गेले, दहा गेले. उगवलं नाही. तोवर दुकानातलं चांगलं बी संपलं होतं आणि पावसानेही ओढ दिली. त्याने मिळेल ते आणून नांग्या, म्हणजे मोकळ्या जागा भरल्या, थोडी तूर टाकली. ते मागाहूनचं रोप आधीच्या रोपाच्या सावलीत तसंच खुरटं राहिलं. त्या वर्षी त्या घराने दिवाळीला भिंती सारवल्या नाहीत, एवढंच मला बाहेरून दिसलं.

आतलं त्याआधीच, पोळ्याच्या सुमाराला, मदतनिसीने आणलं होतं. एका सकाळी ती लेकरांना बसवता बसवता म्हणाली, आजीने पोरीला बैल धुवायला जवळ येऊ दिलं नाही. पोळ्याला बैलाच्या पायावर पाणी टाकायचं होतं, तर म्हणाली, तू नको, तुझा हात नको. मी विचारलं, का? ती म्हणाली, बी तर चांगलं होतं ना, बाई. अंगणवाडीत उगवलं. तुमच्या हाताने टाकलं तर उगवलं, तिच्या हाताने टाकलं तर नाही.

मी लेकरांना दिवसभर शिकवायची की सारखं ठेवा आणि बघा फरक कशाने पडला. म्हातारीने तेच केलं होतं. बी एकच, गाव एकच, पाणी एकच. फरक फक्त हाताचा. तिच्या हिशोबात कुठे चूक नव्हती. चूक मी फडक्यात ठेवून दिली होती.

त्याच दिवशी खिचडी वाटून झाल्याबरोबर मी त्यांच्या घरी गेले. या वेळी चहाला नको म्हटलं. बाप ओसरीवर दोरी वळत होता, आजी तांदूळ निवडत होती, पोरगी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. मी सगळं सांगितलं. बाटली, छोटं पाकीट, सहा बिया, कुंपण. काही लपवलं नाही.

आजीने तांदळातून मान वर केली नाही. तिचा आवाज अगदी मऊ होता.

"बाई, तुमी लय चांगल्या मनाच्या हा. पोरीसाठी सोतावर घेऊन राह्यल्या. पन आमी काही तिले मारत नाही वं."

मी शपथ घातली. म्हटलं, मदतनिसीला विचारा. आजी म्हणाली, ती तुमचीच बाई आहे, ती काय वेगळं सांगेल. म्हटलं, बी दाखवते. पण दाखवायला काय होतं माझ्याकडे? त्या सहा बिया मीच फेकल्या होत्या. माझ्याकडे पुरावा होता तो फक्त फोटो, आणि त्यात पोरगी हसत होती, हातात हिरवी रोपं होती. मी खोटं केलं तेव्हा सगळ्यांनी डोळे मिटून मानलं, आणि आता खरं सांगत होते तर मला दयाळू ठरवून वाटेला लावत होते.

बापाने मात्र ऐकलं होतं. त्याने दोरी वळायची थांबवली होती. मी उठले तेव्हा तो फाटकापर्यंत आला.

"मी आलो होतो न, ताई, तवा काऊन नाही सांगतलं?"

पोरगी बघत होती म्हणून, एवढंच कारण होतं. तो वळून आत गेला. त्याने गावात कुठे माझं नाव काढलं नाही. काढलं असतं तर बरं झालं असतं, निदान पोरगी सुटली असती. मी नंतर आणखी दोनदा गेले. आजीने प्रत्येक वेळी मला गूळ दिला.

पुढच्या वर्षी पहिली मूठ थोरल्या चुलत बहिणीने टाकली. पोरीला पहिलीत जायला अजून काही दिवस होते, म्हणून ती आमच्याकडेच येत होती. बियांचा दिवस मी टाळणार होते. मग वाटलं, नाही, याच वर्षी घ्यायचा. हिच्या हाताने टाकून घेऊ, हिच्या डोळ्यांपुढे उगवू दे, मीही हात लावणार नाही, म्हणजे झालं. हरभरा आणायला सांगितला, कारण हरभरा कधी दगा देत नाही.

तिने कागदाच्या पुडीत हरभरा आणला होता. रांगेत तिची पाळी आली. मी फडकं पसरून म्हटलं, टाक बेटा. तिने पुडी शेजारच्या पोरीकडे दिली. "माह्यं तू टाक," म्हणाली आणि आपले दोन्ही हात पाठीमागे नेले. मी म्हटलं, नाही, तू टाक, तुझं आहे ना. मी तिचा हात धरायला गेले तर ती मागे सरकली. तिला भीती वाटत होती ती माझी नव्हती, हरभऱ्यासाठी होती. त्याचं काही वाईट होऊ नये म्हणून ती लांब उभी होती. तीस लेकरं खोळंबली होती. शेजारच्या पोरीने पुडी फडक्यावर ओतली.

तिसऱ्या दिवशी एकूण एक दाणा फुटला. मी तिला हाताला धरून बाटलीपाशी आणलं, फडकं उघडलं, आणि म्हटलं, बघ, सगळं तुझं उगवलं. सरांनी शिकवल्याप्रमाणे विचारलंही, सांग, तुला काय दिसलं?

तिने नीट वाकून बघितलं. मोड बघितले, मग शेजारच्या पोरीकडे बघितलं.

"हे माह्यं नोय, बाई," ती मला समजावून सांगत म्हणाली. "हे तिनं टाकलं व्हतं."